तपासणीसाठी ठेवलेली अंबू बॅग

मी अंबू बॅग बोलतेय. बाळ जन्मून रडलं नाही, की मला त्याच्या नाकातोंडावर धरायचं, माझा फुगा दाबायचा आणि छातीत हवा भरायची. एवढ्यासाठी माझा जन्म. वाटलं होतं, कितीतरी पोरं माझ्यामुळे टाहो फोडतील. कसलं काय.

मनोरच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रात मला ठेवलं, काचेच्या कपाटात, पिशवीसकट. तपासणीला साहेब यायचे, काचेतून मला बघायचे, चहा पिऊन जायचे. एकदा माझी पिशवी फाटलेली दिसली, तर समिधा सिस्टरला मेमो मिळाला. तेव्हापासून कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

गेल्या श्रावणात सिस्टर नर्स म्हणून असलेल्या स्वतःच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला पालघरला गेली. खोली उघडी, कपाट बंद. दुपारी भिकाने कळा सुटलेल्या बायकोला, जयवंतीला, झोळीत घालून आणलं. सोबत ठकी दाई. अर्धा पाडा तिच्याच हातांवर जन्मलेला. पण मागल्या वर्षी घरी बाळंतपण केलं म्हणून साहेबांनी तिला चारचौघांत झापलं होतं. परवाना नाही, पुन्हा केलंस तर पोलिसांत देईन. म्हणून बिचारी नियम पाळून इथवर आली.

सिस्टर नव्हती, म्हणून ठकीनेच तिला मोकळं केलं. बाळ निळं होतं. रडेना. ठकीने त्याची पाठ चोळली, तोंडाने फुंकर घातली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. दाईंच्या प्रशिक्षणात माझ्यासारखी बॅग पाहिली होती तिने. भिकाने बाहेरचा दगड उचलला.

"मावशे, काच फोडतो."

"नको रे. सरकारी हाय. दोगांना आत टाकतील. सिस्टर येल आता."

अरे, फोडा की. जीव जातोय त्याचा. पण माझं कोण ऐकतंय? दगड भिकाच्या हातातच राहिला.

सिस्टर संध्याकाळी आली. तोवर जयवंती मेलेलं बाळ पदरात घेऊन बसली होती.

"मावशी, फोडायची ना काच," सिस्टर म्हणाली आणि रडत खाली बसली.

"तुजी नोकरी गेली असती, बाय," ठकी बोलली.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. विनापरवाना बाळंतपण केलं म्हणून ठकीला नोटीस दिली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "ही मात्र छान ठेवलीय."

आग लागो या छान ठेवण्याला. भिकाचा दगड अजून पायरीजवळ पडलाय, मला इथून दिसतो. पुन्हा कुणाचं बाळ न रडता जन्मलं, तर कुणाला विचारू नका. तोच उचला आणि काचेवर मारा.