पंचांच्या घोड्याखालची जमीन

"कुत्रा, घोडा आणि क्रेनशॉ घराण्याचं नाव, हे पुरुषाच्याच हातात शोभतं!"

ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून रॉइस क्रेनशॉने ही घोषणा केली, तेव्हा दक्षिण जॉर्जियातल्या त्या पाइनच्या रानात जमलेल्या घोडेस्वारांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एका घोडीने मात्र मान लांब केली आणि रॉइसच्या हातातला सॉसेज घातलेला पाव अख्खा उचलला.

घोडी लुडीची होती. लुडी म्हणजे रॉइसच्या थोरल्या भावाची विधवा.

"वहिनी, तुमची घोडी चोर आहे."

"चोर नाही रे. भाषण लांबलं की तिला भूक लागते."

लुडीचा नवरा ओटिस पानगळीत गेला. दर हिवाळ्यात तो घोडे आणि कुत्री गाडीत चढवून शिकारी कुत्र्यांच्या एका चाचणी-स्पर्धेहून दुसरीला हिंडायचा. यंदा लुडी घरी बसेल, शेजारणींनी भांडी भरभरून आणून दिलेलं खाणं खाईल आणि डोळे पुसेल, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. लुडीने ते खाणं खाल्लं, भांडी घासून ज्याची त्याला परत केली आणि ट्रकला घोड्यांची गाडी जोडली. अलाबामाहून एकटी चालवत आली. घोडी मागे, आणि डीकन पुढच्या सीटवर. तिथे बसायला ओटिसने त्याला जन्मात परवानगी दिली नव्हती.

डीकन हा पांढरा-तांबूस पॉइंटर. तो दोघा भावांच्या मालकीचा होता आणि रॉइसची अट साधी होती: आजच्या स्पर्धेत वहिनीच्या शिट्टीवर कुत्रा बाद झाला, तर तो रॉइसच्या कुत्र्यांत जाणार, पगारी माणसाच्या हाताखाली. लुडी "मान्य" म्हणाली होती. ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात लोक सहसा "गेलास उडत" म्हणतात.

पक्ष्यांचा वास लागला की कुत्र्याने जागच्या जागी थिजायचं; हाच पॉइंट. मालकाने टोपी उंच धरून "पॉइंट!" ओरडायचं, घोड्यावरून उतरून गवत झोडपायचं, पक्षी उडाले की हवेत बार काढायचा. तोवर कुत्र्याने मिशीसुद्धा हलवायची नाही. पक्षी निघालेच नाहीत तर पॉइंट रिकामा, आणि दोन रिकाम्या पॉइंटला कुत्रा बाद. सकाळीच डीकनने एका ओंडक्यापाशी भक्तिभावाने एक रिकामा पॉइंट देऊन ठेवला होता.

दुसऱ्यांदा तो थिजला तेव्हा उन्हं चढली होती. लुडीने टोपी वर केली. "पॉइंट!"

मुख्य पंच हॉलिस ब्रॅनन आपला थोराड घोडा हाकत आले आणि नीट दिसावं म्हणून कुत्र्याच्या समोरच येऊन उभे राहिले. लुडी उतरली. तिने डावीकडे गवत झोडपलं, उजवीकडे झोडपलं, मागे झोडपलं. एक टोळ उडाला.

"मिस लुडी," पंच म्हणाले, "पॉइंट रिकामा. कुत्र्याला पुढे घ्या."

"नाही घेणार."

मागच्या घोडेस्वारांत कुजबुज झाली. रॉइस पुढे आला. "वहिनी, कशाला शोभा करून घेताय? तिथे काही नाहीये."

"डीकन म्हणतोय, आहे."

"डीकन सकाळी लाकडाला पण आहे म्हणाला होता!"

लोक हसले. खरं सांगायचं तर लुडीलाही खात्री नव्हती. पण हिवाळाभर सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं, की बाई, तिथे आता तुझं काही नाही, पुढे चल. ते ऐकण्याचा तिचा कोटा संपला होता. तिने डीकनकडे पाहिलं. त्याची नजर सरळ पंचांच्या घोड्याच्या पोटाखाली लागली होती.

आता पंचाला हल म्हणण्याची पद्धत नाही. ओटिसने उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं. विजा कडाडताना पंच झाडाखाली उभा राहिला, तरी लोक टोप्या काढून गप्प राहतात.

"ब्रॅननसाहेब," लुडी म्हणाली, "घोडा हलवा."

पंच खोगिरावरून खाली वाकले.

"काय म्हणालात?"

"घोडा. हलवा. सगळं गवत झोडपलं मी. तेवढीच जमीन राहिलीय."

"वहिनी, वेड लागलंय का? पंच आहेत ते!"

"पंच आहेत म्हणूनच साहेब म्हटलं. नाहीतर नुसतं हल म्हटलं असतं."

ब्रॅनन लाल झाले. तिचं तोंड बंद करण्यासाठीच त्यांनी लगाम खेचला. घोड्याने एक पाय उचलला, आणि त्याच्या पोटाखालून डझनभर लावे फर्रकन उडाले. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. पंच राहिले नाहीत. ते काटेरी झुडपात विराजमान झाले. लुडीने आधी बार काढला, मग पंचांकडे पाहिलं. क्रम तोच बरोबर होता. डीकन दगडासारखा उभा.

झुडपातून आवाज आला, "पॉइंट खरा आहे."

रॉइसने टोपी काढली. "कुत्रा तुमचा, वहिनी."

या क्षणासाठी लुडीने अलाबामापासून एक भाषण जुळवत आणलं होतं. सगळे घोडेस्वार वाट बघत होते. तिने छाती पुढे काढली, लगाम धरला, रिकिबीत पाय घातला आणि उसळी मारली. परत मारली. घोडी उंच होती आणि आसपास एकही ओंडका नव्हता.

तिने हळूच रॉइसला बोलावलं.

"रॉइस, जरा गुडघा टेकव. मला वर चढायचंय."