दुसऱ्या बाजूने साथ

“चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर, आणि तिने तो सोडून दिला,” रेडिओवरचा समालोचक आणीबाणी माईकमध्ये म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. यष्ट्यांपाशी बसवलेल्या माईकचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये येत होता. बॅट वाजली नाही, पॅड वाजलं नाही, आणि क्षणभराने यष्टिरक्षकाच्या ग्लव्ह्जमध्ये काहीतरी मऊ येऊन बसलं. चेंडू सोडून दिला, यात डोळ्यांनी पाहण्यासारखं असतं तरी काय?

तसं त्याला बरंच काही दिसत होतं. मैदानाच्या कडा दिसत होत्या, पांढरा साइटस्क्रीन दिसत होता, समोरच्या स्टँडवर पसरलेलं सकाळचं ऊन दिसत होतं. फक्त मधोमध, जिकडे नजर टाकावी तिकडे, धुक्याचा एक गोळा होता. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं व्हायचं, आणि नजर वळवली की हळूच परत येऊन उभं राहायचं. चार महिने झाले होते याला. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, चष्म्याने भागणार नाही, उरलंय तेवढं सांभाळू. तेव्हापासून सगळं क्रिकेट त्याला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं दिसे. हिरव्या गवतावर माणसं तरंगत यायची, विरघळायची, पुन्हा दुसरीकडे उगवायची. खरं सांगायचं तर ते फार सुंदर दिसायचं, आणि हे तो कुणाला सांगू शकत नव्हता.

डावीकडे आकडेमास्तर बसले होते. तीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच वहीत, टोक केलेल्या चार पेन्सिली घेऊन. आणीबाणीचे डोळे गेले हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण एका सामन्यात त्यांनी टेबलावर बोट वाजवायला सुरुवात केली. एक टकटक म्हणजे एक धाव. दोन म्हणजे दोन. पंजा आपटला म्हणजे चौकार, आणि मूठ आपटली म्हणजे बळी. यावर दोघांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. सामना संपला की मास्तर “येतो रे” म्हणून छत्री उचलायचे आणि निघून जायचे.

आणीबाणी हे त्याचं नाव पडलं त्याला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे संघ अडचणीत आला की त्याला पाठवायचे. पाच बाद चाळीस, जा. चेंडू जुना झालाय, कुणाला टाकायचा नाहीये, टाक. दुसरं कारण म्हणजे वर्तमानपत्र. तिथे त्याचा उल्लेख कायम ‘आणि’नंतर यायचा. अमक्याने शतक ठोकलं, तमक्याने पाच बळी घेतले, आणि याने दुसऱ्या बाजूने साथ दिली. कप्तानाने दोन्ही कारणं एकत्र करून बारसं उरकून टाकलं. फलंदाज त्याला गोलंदाज समजत, गोलंदाज फलंदाज समजत. निवड समितीतला एकजण तर तोंडावर म्हणाला होता, “एक ना धड भाराभर चिंध्या.” तोही सगळ्यांबरोबर हसला होता. स्वभावच तसा, गरीब गाईसारखा. लागलं मात्र होतं.

एक डाव होता त्याचा, खरा त्याचा. पाच बाद झाले होते आणि सामना गेल्यात जमा होता. तो आला आणि दोन तास उभा राहिला, तोवर समोरून कुणी ना कुणी जातच होतं. घरी आई रेडिओला कान लावून बसली होती. मग त्याच्या हातात काहीतरी आलं. असं वर्षातून एकदा येतं, कधी तेवढंही येत नाही. बॅट जड लागेना, चेंडू फुग्यासारखा संथ यायला लागला. दहा मिनिटांत त्याने पाच चौकार मारले. नेमकी तीच दहा मिनिटं रेडिओवर बातम्या होत्या, मग हवामान. समालोचन परत सुरू झालं तेव्हा निवेदक म्हणत होता, “आणि तोही बाद झालेला आहे, आता पुढे.” संध्याकाळी आईने विचारलं, “तू खेळलास कधी रे? मी तर जागची हललेपण नाही.”

निवृत्त झाल्यावर तो माईकपाशी आला तो निवेदकाच्या त्या एका वाक्यासाठी. आपल्या आवाजात कुणी अर्ध्या वाक्यात बाद व्हायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. शेवटच्या क्रमांकावरची गोलंदाज दोन चेंडू खेळून गेली तरी तिला तो पूर्ण वाक्य द्यायचा, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं. निर्माता म्हणायचा, सर, जाहिरातीला उशीर होतो. होऊ दे.

आणि सकाळी सहा ते आठ तो मुलींना शिकवायचा. त्यातली एक डावखुरी, सगळे तिला डावरी म्हणत. अकराव्या वर्षी आली होती, आता एकोणीस. बॅटिंग बरी, बोलिंग बरी, क्षेत्ररक्षण चांगलं, म्हणजे नशीब आधीच लिहून आणलेलं. आज मोठ्या संघातून तिचा पहिला सामना होता. घरातून निघताना बायकोने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाटलीचं झाकण लावत म्हणाली, “आजचा सामना शेवटचा. त्या निर्मात्याला तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“मी सांगतो. आज तिचं होऊ दे.”

“तुम्हाला दिसणारे का ती?”

“ती कशी खेळते ते मला पाठ आहे.”

“पाठ असलेलं सांगायला गेलात तर फसाल,” ती म्हणाली आणि थेंब ओघळू नयेत म्हणून त्याची मान आणखी जराशी मागे केली.

अकराच्या सुमाराला मास्तरांची मूठ आपटली. षटकाचा शेवटचा चेंडू होता. उजवीकडून कीपर, म्हणजे त्याची सहसमालोचक, हळूच म्हणाली, “सर, तुमची पोरगी येतेय.” ती पंधरा वर्षं यष्ट्यांमागे बसून उठून थकलेली बाई, मोजकं बोलायची, कुणाचं कौतुक म्हणून करायची नाही.

त्याने माईक जवळ ओढला. पायऱ्यांवरून हिरव्यात एक पांढरा ठिपका उतरला आणि त्याने पाहताच विरघळला. हरकत नव्हती. “ती येते आहे,” तो म्हणाला, “घाई न करता, बॅट उजव्या काखेत, ग्लव्ह्ज चढवत. आठ वर्षांपूर्वी ही मुलगी मैदानावर आली तेव्हा बॅट तिच्या कमरेला लागत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि जाळ्याच्या खांबाला चेंडू मारत बसायची. त्या आवाजाने माळ्याची झोप मोडायची.” निर्मात्याने काचेपलीकडून हात केला, तो त्याला दिसला नाही. वाक्यं एकामागून एक येत होती, त्या दिवशीच्या चौकारांसारखी, बिनवजनाची. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते बोलणं आज तोंडाशी आलं होतं. ती दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. पुढचं षटक तिची कप्तान खेळणार होती.

गोलंदाजाच्या पावलांचा आवाज आला. मग बॅटचा, भरीव आणि गोड. त्यामागे बारीकशी टिक आली, ती त्याने गोलंदाजाच्या बुटाची धरली. मैदान गरजलं.

“चौकार,” तो म्हणाला. “सरळ, गोलंदाजाच्या अंगावरून, कप्तानाने मारलेला देखणा चौकार, आणि दुसऱ्या बाजूला आपली नवी खेळाडू बॅटवर रेलून बघते आहे, शांत, जणू वर्षानुवर्षं इथेच उभी आहे.”

डावीकडे मूठ आपटली. त्याला वाटलं, मास्तरांचा पंजा चुकला, आणि तो त्या चौकाराबद्दल बोलतच राहिला. मूठ पुन्हा आपटली, जोरात, पेन्सिली उडाल्या. मग कीपरचा हात त्याच्या मनगटावर आला. तिने स्वतःचा माईक दाबून बंद केला होता.

“सर, चौकार नाही. बोलरच्या बोटाला लागून बॉल डावरीच्या टोकाच्या स्टंपवर गेला. ती क्रीजबाहेर होती. आउट झाली ती.”

“कुठे आहे?”

“आपल्या खिडकीखालून चाललीय.”

तो उठून खिडकीशी वाकला. खाली कुणीतरी जात असणार. त्याने थेट पाहिलं तर धुकं होतं, म्हणून त्याने मुद्दाम बाजूच्या कुंडीकडे पाहिलं, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात खाली घातलेली एक मान दिसली आणि गेली. एकही चेंडू न खेळता. आणि तो मात्र घरोघरी सांगत बसला होता की ती अजून उभी आहे.

रेडिओवर चार सेकंद काही नसलं तर लोक रेडिओ ठोकून बघतात. आज सात सेकंद झाले. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. झाकली मूठ अजूनही सव्वा लाखाची होती, एक ‘क्षमस्व’ म्हटलं असतं तर भागलं असतं. समालोचक रोजच चुकतात. तो खुर्चीत बसला आणि माईक तोंडाजवळ घेतला.

“श्रोतेहो, मी चुकीचं सांगितलं. तो चौकार नव्हता. ती धावबाद झाली आहे, आणि मला ते दिसलं नाही. गेले चार महिने मला चेंडू दिसत नाही. मी आवाजावरून सांगत होतो, आणि ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांचा यात काही दोष नाही. आज एका खेळाडूवर माझ्यामुळे अन्याय झाला. इथून पुढे माझी सहकारी सांगेल. तिला दिसतं.”

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि भिंत चाचपत मागच्या खुर्चीत जाऊन बसला. पाहुणे बसतात ती खुर्ची. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटेल असं जे लोक म्हणतात, तसं काहीही वाटत नव्हतं. फार वाईट वाटत होतं.

डाव संपल्यावर दारात खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला.

“सर.”

“ये. मी तुझी माफी मागणार होतो.”

“आम्ही आत मोबाइलवर रेडिओ लावला होता, तो मिनिटभर मागे चालतो,” डावरी म्हणाली. ती त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. “मी आत शिरले आणि तुम्ही म्हणत होतात मी शांत उभी आहे. पॅड काढता काढता मी ते ऐकलं.”

“काय वाटलं?”

“रडू आलं. मग हसू आलं. तेवढा वेळ तरी होते ना मी खेळात.” तिने बुटाची नाडी ओढली. “चूक माझी होती. बॉल सुटायच्या आधी निघू नको, हजारदा सांगितलंत.”

“सांगितलं होतं.”

“नेटमध्येपण दिसत नव्हतं तुम्हाला?”

“नाही.”

“मग माझा पाय आडवा पडतो ते परवा कसं ओळखलंत?”

“सरळ पडला की खिळे एकदा वाजतात. आडवा पडला की घासून दोनदा.”

तिने बुटाचे खिळे जमिनीवर एकदा घासून पाहिले. खाली रोलर फिरत होता, त्याची घरघर खोलीभर भरून राहिली होती.

“उद्या पेपरात काय येईल माझं?” तिने विचारलं.

खोटं बोलायची त्याला आता ताकद नव्हती. “एक ओळ. तीही अर्धी. पण तुझी बोलिंग बाकी आहे. आपल्या अष्टपैलूंच्या जातीला दिवसातून दोनदा मरता येतं आणि दोनदा उठता येतं, म्हणून तर हा धंदा पत्करायचा. जा, खांदा गरम कर.”

“तुम्ही घरी जाताय?”

“नाही. बसतोय.”

दुपारनंतर ऊन उतरलं आणि खोलीत पिवळसर उजेड आला. निर्माता एकदा डोकावला, “चहा सांगू का सर?” एवढंच म्हणाला आणि कितीतरी वेळ दारात उभा राहिला. मास्तरांचा हात वहीवर चालत होता. टेबल वाजवायची गरज उरली नव्हती, तरी मधूनच त्यांचं बोट सवयीने उठायचं आणि खाली न येता तसंच राहायचं.

मग कीपर म्हणाली, “गोलंदाजीत बदल. डावरी येते आहे.”

आणि त्यानंतर ती बाई थांबेचना. जिला एका षटकाला चार वाक्यं पुरायची, ती सांगायला लागली की मुलीने डाव्या बाहीची घडी कोपरापर्यंत घातली आहे, चेंडू पँटवर घासला आहे, उजव्या मांडीवर लाल डाग आहे. खुणेपासून नऊ पावलं. पाचव्या पावलाला मान जरा डावीकडे कलते. पुढचा पाय सरळ पडला. चेंडू हवेत उंच सुटला, फलंदाजाच्या नजरेच्या वर, आणि आता खाली येतोय. हे सारं ती माईकमध्ये बोलत होती, पण खुर्ची तिने अर्धवट मागे वळवली होती. जाहिरातीची वेळ होऊन गेली. काचेपलीकडे कुणी हात केला नाही.

चौथा चेंडू. तो डोळे मिटून बसला होता, कारण मिटल्यावर मैदान जास्त स्वच्छ दिसत होतं. नऊ पावलं झाली. उघड्या खिडकीतून, दूरवरून, लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज आला, आणि त्याला सगळं कळलं. चेंडू कुठे पडला, किती आत वळला, कुठली यष्टी गेली, सगळं. ओठांवर पूर्ण वाक्य तयार होतं.

तो काही बोलला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, मान जराशी पुढे करून, कीपर सांगेपर्यंत थांबून राहिला.