बोराएवढी घंटी

मी एक जुनी घंटी आहे. पितळेची नव्हे, चकलांब्याच्या दूध संस्थेच्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात काढलेली, बोराएवढी.

मित्रांनो, गावच्याच सुकन्याने मला घडवलं तेव्हा दोन वाटा दिल्या. एक ईमेलची, दुसरी थेट सूचनेची: इकडे संस्थेने लिहिलं की तिकडे प्रत्येकाचा मोबाईल टिंग वाजलाच. पहिल्या दिवशी मी बावीस वेळा 'चाचणी' एवढाच निरोप नेला. आनंदाने नेला.

अडलं नोंदणीपाशी. अर्जात मोबाईल नंबरासोबत ईमेलही सक्तीचा, आणि सभासदांत ईमेल एकट्या आश्रुबाकडे. मग एकशे बारा जणांनी त्याचाच पत्ता भरला. 'एका पत्त्याला एकच माणूस' ही अट सुकन्याने कंटाळून काढून टाकली. पाठवणाऱ्याचं नाव काय ठेवू, असं तिने विचारलं, तर आश्रुबा म्हणाला, "माझंच टाक. मला समदे वळखतात."

तेव्हापासून प्रत्येक निरोप मी आश्रुबाला एकशे बारा वेळा द्यायची आणि तो गाडीला किक मारून दारोदार ओरडायचा, "छबुबाई, म्हशीला लस हाय उद्या! मेल आलाय!" लोक म्हणायचे, आश्रुबाचा मेल लई फास्ट हाय. माझी थेट वाट बंदच राहिली. तो असताना तिची गरज नव्हती.

मागच्या पौषात आश्रुबा वारला. मला कुणी सांगितलं नाही. तेराव्याच्या दिवशी मी त्याला नेमाने लिहिलं, 'बरेच दिवस दिसला नाहीत. काही अडचण आहे का?'

मिनिटभरात माझ्या नोंदीत उमटलं: उघडला.

मग शेजारच्या गावात जनावरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली. 'उद्या दहाला लस, कडुलिंबाखाली.' एकशे बारा मेल गेले, एकशे बारा उघडले. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली डॉक्टर एकटेच. पेटीतला बर्फ वितळत चाललेला. दुपारपर्यंत लस वाया जाणार.

सुकन्या आश्रुबाच्या घरी पळाली. त्याची बायको भामाबाई त्याचा फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"काकू, हे मेल कोण उघडतंय?"

"मीच की. वाजलं की उघडते."

"मग कुणाला सांगितलं कावून न्हाई?"

"मला कुठं वाचता येतंय, बाई? त्ये उघडायचे आन पळायचे. मी उघडते आन बसते."

सुकन्याने तिथेच ओट्यावर बसून माझी थेट वाट सुरू केली. घाईत पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं राहिलं. एकशे बारा मोबाईल एकदम वाजले.

'आश्रुबा: जनावरं घेऊन लगेच लिंबाखाली या.'

अर्ध्या तासात गाव हजर. छबुबाई म्हशीसोबत नारळही घेऊन आल्या आणि झाडाच्या शेंड्याकडे बघून म्हणाल्या, "आले रं बाबा! तिथंबी तुला उसंत न्हाई व्हय?" एकही जनावर सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, एवढी शिस्त कुठेच पाहिली नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माणूस गेला की आम्हांलाही सांगत जा. नाही तर आम्ही त्याची चौकशी करतच राहतो. आणि त्याचा पत्ता पुसण्याआधी घरी एकदा विचारा. सुकन्याने विचारलं. भामाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. वाजू दे." म्हणून रोज सकाळी एक कोरा मेल मी त्या पत्त्यावर पाठवते.

परवा भामाबाई नारायणगडाला दर्शनाला गेल्या. फोन बंद करून कपाटात ठेवला होता. मी सवयीने मेल पाठवला.

उघडला.

छबुबाई सांगतात, त्याच सुमाराला त्यांच्या दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. बाहेर कुणीच नव्हतं. त्यांनी म्हैस सोडली आणि लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.