चंदरची माळ आणि मंजुळेचा सरंगा

या, अशा जवळ सरका. मृदंगाला कणीक लावून होईतो आमच्या मढ कोळीवाड्यातल्या चंदरची गोष्ट सांगते.

रंगीत टीव्ही नुकता आला होता, तेव्हाची. चंदर अंधेरीच्या स्टुडिओत लाईटमन. गळ्यात रेशमी रुमाल, आणि दिसेल त्या पोरीला एकच वाक्य, "तुझ्या चेहऱ्यावर लाईट झकास पडेल गं!" पोरगी लाजली, की शूटिंगला न्यायचा शब्द द्यायचा, आणि हा दुसऱ्या गल्लीत.

मालाडच्या बाजारात त्याने मासे विकणाऱ्या मंजुळेलाही तेच ऐकवलं. "लाईटचं मग बघ," ती म्हणाली, "आधी बाजूला हो. तुझ्या सावलीत माझे सरंगे दिसत नाहीत गिऱ्हाइकाला." बाजार हसला. चंदर मात्र तिथेच अडकला, कायमचा.

मंजुळेचा बाप अनंता देवळात मृदंग वाजवणारा माळकरी. सासरा खूश करायचा म्हणून चंदरने देवळातल्या कीर्तनकार धोंडिरामबुवांच्या हातून तुळशीची माळ घातली. बुवा म्हणाले, "आता खोटं नाही, मासळी नाही." चंदर खोट्याच्याच काळजीत. मासळीचं घरी गेल्यावर कळलं, आईने कोळंबीचं कालवण वाढलं तेव्हा. वाट लागली! कोळ्याचा पोर, आणि ताटात नुसता भात!

पण माळ उतरवली नाही. मंजुळेला बघायला कीर्तनात बसायचा, तो हळूहळू ऐकायलाही लागला.

शेवटी त्याने अनंतापाशी विषय काढला. "तिलाच विचार," म्हातारा म्हणाला.

मंजुळेने तळलेला सरंगा त्याच्यापुढे ठेवला. "खा. खाल्लास तर उद्या साखरपुडा."

चंदरच्या तोंडाला पाणी सुटलं. हवं ते सगळं त्या एका ताटात होतं. हात पुढे गेला आणि माळेवर येऊन थांबला.

"मंजुळे, पोरींना दिलेला एकेक शब्द मोडला मी. हा एकच टिकलाय. तुझ्यासाठी हाही मोडला, तर तुला देईन तो कशावर टिकेल?" डोळे पुसत तो उठला.

"बस खाली, शहाण्या!" तिने ताट स्वतःकडे ओढलं. "सरंगा माझा आहे. तुझं वरण चुलीवर आहे."

लग्नानंतर सुट्टीच्या दिवशी चंदर तिची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात ताठ मानेने चालायचा. स्टुडिओतले हसले, तर म्हणायचा, "तुमच्या हिरोला जमेल का रे?"

चंदरचं कौतुक सगळा गाव करतो, आम्हीही करतो. तुम्ही मात्र घरी जाताना आमच्या मंजुळेला आठवा. परीक्षा घ्यायच्या आधीच पोरीने वरण शिजत ठेवलं होतं.