पंपामागचं कुलूप

माझा धाकटा दीर औषधांचं दुकान चालवतो, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण पाण्यात विरघळते असं त्याला वाटतं. दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडला निघालो की त्याच्या खिशात पुड्याच पुड्या. साखर इतकी, मीठ इतकं, थोड्या थोड्या वेळाने चार घोट, मधूनमधून केळं नाहीतर खजूर. "वहिनी, तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला," हे त्याने इतक्या वेळा ऐकवलंय की आता मला ते शिलाई मशीनच्या आवाजातही ऐकू येतं.

याआधी दोनदा मी वाटेतच बसले होते. दोन्ही वेळा सव्वाशेच्या पुढे पोटरीत गोळा आला आणि टेम्पोत घालून मला घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. नवरा म्हणाला, शिवणाऱ्या बाईने शिवावं. मग मीच चिडून बोलून बसले, की या खेपेला वेळेत पोचले नाही तर सायकल विकून टाका. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक शोधलं. कामं एरवी इतकी पटापट होत नाहीत आमच्याकडे.

पहिल्या थांब्यावर दीर म्हणाला, "बाटली दाखवा." दाखवली. रिकामी होती. तो खूश झाला. त्याची पाठ वळली की मी पाणी रस्त्याकडेला ओतत होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? प्यायलं की जावं लागतं, आणि बाईला जायला जागा नसते. पुरुषांना काय, दिसलं झाड की थांबले. राइडमधल्या त्रेपन्न जणांत बाई मी एकटी. पहिल्या पेट्रोल पंपाच्या मागे कुलूप. दुसऱ्याच्या दाराला आतून कडीच नाही, आणि बाहेर ट्रकवाले गप्पा ठोकत उभे. तिसऱ्याने तर आत सिमेंटची पोती रचलेली. मी ओठ ओले करायचे आणि पुढे निघायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

चौथ्या पंपाशी गोळा आलाच. सायकल आडवी टाकून मी पायरीवर बसले. दीर धावत आला, पोटरी बघून मान हलवली आणि म्हणाला, "मीठ कमी पडलं. पुडी बदलायला हवी."

माझं डोकंच फिरलं. "भाऊजी, सकाळपासून तुम्ही किती वेळा झाडामागे गेलात?"

"चार-पाच वेळा. का?"

"मी एकदाही नाही. मिठाचा हिशोब राहू द्या, आधी याचा करा."

त्याला समजायला वेळ लागला. "मग त्या बाटल्या?"

"ओतल्या."

"सगळ्या? अहो, मला सांगायचं ना."

"सांगून काय होणार होतं? त्याचीही पुडी आहे तुमच्याकडे?"

मी त्याला पुढे जायला सांगितलं, दोघांचा उशीर कशाला. थोडे आढेवेढे घेऊन तो गेला. गेला म्हणूनही मला राग आला.

पंपावरच्या मिशीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "किल्ली मालकांकडे असते."

"मालक कुठे आहेत?"

"जेवायला गेलेत."

"कधी येतील?"

"जेवण झाल्यावर."

मी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली उघडली आणि त्याच्यासमोर सावकाश, घोट घोट पिऊ लागले. सोबत उकडलेला बटाटा. "दादा, हे पाणी मी पोटात घालतेय. किल्ली आल्याशिवाय इथून हलणार नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे पाहिलं, आणि फोन लावला. मालक आले ते दात कोरत. कुलूप उघडलं. आतली फरशी चकचकीत, नळाला पाणी, खुंटीवर टॉवेल. कोणी वापरायचंच नाही, मग खराब कशी होणार?

तिथून पुढे मी प्रत्येक बाटली खरोखर संपवली. मोकळ्या रानात एक पडकी भिंत सापडली, तिचे उपकार मानले. चढ आला, दुसरा आला, आणि पोटऱ्या मुकाट चालत राहिल्या.

पोचले तेव्हा साडेसातची मुदत टळून गेली होती. फाटक बंद, कापडी फलक अर्धा गुंडाळलेला. आयोजक हळहळत म्हणाले, "थोडक्यात गेलं, ताई. पुढच्या वेळी पाणी जरा जास्त पीत चला."

शेजारी दीर उभा होता, पदक खिशात लपवून. त्याने फोन पुढे केला. नवऱ्याचा होता.

"पोचलीस का वेळेत?"

"नाही."

"मग त्या गिऱ्हाईकाला उद्या बोलावतो."

"बोलावू नका," मी म्हणाले. "अहो, माझे पाय चांगले आहेत."

"म्हणजे?"

सगळ्या पुरुषांसमोर उभ्या उभ्या मला रडू फुटलं. फाटक चुकल्याचं नव्हतं ते. दोन वर्षं घरादाराबरोबर मीही या पायांना शिव्या घातल्या होत्या.