प्रक्षेपण बंद

"अहो बाई, पहाटेपासून टीव्हीवर नुसत्या मुंग्या! काय करून ठेवलंत तुम्ही लोकांनी?"

आवाज ऐकला आणि तिचं बोट कळफलकावरच थांबलं. समोरच्या पडद्यावर फोन करणाऱ्याचा पत्ता उमटला होता. तेच घर. नवरा गेल्यावर आठव्या दिवशी याच थोरल्या दिरांनी तिची ट्रंक दाराबाहेर ठेवली होती. त्याला अकरा वर्षं झाली. त्यांनी मात्र तिचा आवाज ओळखला नव्हता.

टीव्हीच्या मदत केंद्रावर आज फोनला उसंत नव्हती. जुनं ॲनालॉग प्रक्षेपण पहाटे बंद झालं होतं, आता फक्त डिजिटल. उपाय अर्ध्या मिनिटाचा: टीव्ही घरोघरी आधीच दिलेल्या सेट-टॉप बॉक्सवर वळवायचा आणि रिमोटवरून चॅनेल शोधायचे. सकाळपासून तिने तो शंभरेक जणांना सांगितला होता. दिरांना सांगितला नाही.

"बिघाड नाही, सरकारचा नियम आहे," ती शांतपणे म्हणाली. "जुना एक चॅनेल जेवढी जागा अडवायचा, तेवढ्यात आता पाच-सहा बसतात. उरलेल्या लहरी मोबाइलला, अग्निशमन दलाला देता येतात."

"द्या की! पण आमचं जुनं चालू ठेवायला काय धाड भरली होती?"

"दोन्ही चालवायचं तर खर्च दुप्पट, आणि जागाही मोकळी होत नाही. लोक आपणहून बदलत नाहीत, म्हणून तारीख ठरवावी लागते."

"म्हणून माणसाला असं एका दिवसात वाऱ्यावर सोडायचं?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला दोन वर्षं आधी कळवलं होतं. काही जणांना आठच दिवस मिळतात."

पलीकडचा आवाज उतरला. "बायको अंथरुणाला खिळलीये हो. तिला तेवढाच विरंगुळा."

म्हणजे जाऊबाई. ट्रंक त्यांनीच भरली होती, कपड्यांचे बोळे करून.

"तक्रार लिहून घेतलीये. माणूस येईल. पंधरा दिवस लागतील."

तिने फोन तोडला. जिवाला गारवा वाटला. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुणाला तरी समजावत होती, "आता हिरवं बटण दाबा, काका. आलं चित्र?" मग माइकवर हात ठेवून ती हिच्याकडे वळली. "पंधरा दिवस सांगणारी बाई कोण, विचारतायत. वरपर्यंत तक्रार करणार म्हणे. काय सांगू?"

"सांग, तुमची धाकटी भावजय."

मैत्रिणीने गोंधळून तसंच सांगितलं आणि ऐकत राहिली.

"आता मागचा टीव्ही तेवढा ऐकू येतोय गं."

तिने हेडफोन सारखा केला आणि पुढचा फोन घेतला. "नमस्कार. बोला, काय दिसतंय तुम्हाला?"