जन्मभराचं ठेवायचं

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, पण माझ्यावर कधी कोणी जेवले नाही की अभ्यासाला बसले नाही. माझ्यावर माणसांचे चेहरे दुरुस्त होत. आज मला पाहाल तर हे खरे वाटणार नाही. आज मी कडेचा थोडा भाग सोडला तर पांढराशुभ्र आहे, माझ्या पायांना सोनेरी टोप्या आहेत आणि काल-परवापर्यंत माझ्या डोक्यावर प्लास्टिकचे एक रोप होते. खऱ्या रोपाची पाने गळतात आणि ते फोटोत वाईट दिसते, म्हणून प्लास्टिकचे.

एका सुताराने मला फोटो स्टुडिओसाठी बनवले. माझी पाठ शाळेतल्या बाकासारखी उतरती होती आणि तिच्या मधोमध पुस्तकाएवढी चौकोनी खिडकी होती. खिडकीत दुधी काच आणि काचेच्या खाली आरसा. बाहेरचा उजेड आरशावर पडायचा, तिथून उलटून काचेवर यायचा आणि त्या काचेवर निगेटिव्ह ठेवली जायची. तुमच्यापैकी अनेकांनी निगेटिव्ह पाहिली नसेल. ती फोटोची उलटी, आरपार दिसणारी प्रत. तिच्यात केस पांढरे आणि दात काळे असतात. गावातले मोठमोठे लोक माझ्यावर असे भूत होऊन पडलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे मला कोणाचा फारसा धाक कधी वाटला नाही.

माझे मालक रिटचर होते. फोटो छापण्याआधी निगेटिव्हवरचे दोष झाकायचे, हे त्यांचे काम. ते पेन्सिलीला सुईसारखे टोक काढत, ते माझ्या कडेवर दोन-तीन ठिपके देऊन तपासत, डोळ्याला भिंग लावत आणि श्वास रोखून एखाद्या मुलीच्या गालावरचा पुरळाचा डाग ठिपक्याठिपक्यांनी भरून टाकत. एका चेहऱ्याला कधी कधी अख्खी दुपार लागे.

पलीकडच्या डार्करूममध्ये त्यांचे भागीदार फोटो छापत. सगळे त्यांना डार्करूमकाका म्हणत. मालक मात्र त्यांना घुबड म्हणत आणि ते मालकांना रंगारी.

"रंगाऱ्या, तू उजेडात बसून गोरा झालास. मी आत औषधात मुरतोय," काका पडद्याआडून ओरडत.

"घुबडाला उजेड कशाला? डोळे जातील," मालक मान वर न करता म्हणत.

काकांच्या डाव्या गालावर भाजल्याचा चट्टा होता. लहानपणी त्यांच्या अंगावर उकळते पाणी सांडले होते. त्यांचे लग्न जमवायची वेळ आली तेव्हा एका मुलीकडे फोटो पाठवायचा ठरला. मालकांनी काकांना न विचारता, निव्वळ प्रेमापोटी, दोन दिवस खपून तो चट्टा घालवला. असे नाजूक काम त्यांनी पुन्हा कधी केले नाही. मुलीकडच्यांनी पसंती कळवली. मग ते प्रत्यक्ष भेटायला आले. काकांनी दार उघडले आणि मुलीचा चेहरा पडला. पाणी पिऊन सगळे निघून गेले.

काका दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "तू मला पाठवलंच नाहीस," ते म्हणाले. "दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलंस. आणि दार मला उघडायला लावलंस."

त्यानंतर चार महिने दोघांत पडदाच होता. कामापुरते बोलत. शेवटी मालकांनी एका कागदावर एक नियम लिहिला आणि माझ्या काचेच्या वरच्या बाजूला डकवला : 'आठ दिवसांत जाणारं काढायचं. जन्मभराचं ठेवायचं.' काकांनी तो वाचला. "अक्षर मात्र घाणेरडं आहे," ते म्हणाले आणि पडदा सारून आत गेले. तेवढ्यावर समेट झाला. पुढे चट्ट्यासकटच्या फोटोवर काकांचे लग्न झाले, आणि चांगले झाले.

हा नियम मालकांनी कोणासाठी मोडला नाही. एकदा एका मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तेवढ्या सुरकुत्या काढून टाका हो."

"बाई, मी पुरळ काढतो. सुरकुत्या तुम्ही कमावलेल्या आहेत, त्या मी कशा घेऊ?"

बाई रागावून गेल्या. पण पुढल्या वर्षी मुलीला घेऊन पुन्हा इथेच आल्या.

मालकांची एकुलती एक मुलगी माझ्याच पायांशी वाढली. ती भिंगातून मुंग्या पाही, पेन्सिलींना टोके काढून देई. नियमाचा तो कागद तिने वाचायला शिकता शिकता इतक्यांदा वाचला की तो तिला पाठ होता. हे लक्षात ठेवा.

मग निगेटिव्ह संपल्या. स्टुडिओ बंद झाला, काका दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेले आणि मी मालकांबरोबर त्यांच्या घरी आलो. मुलगी नोकरीसाठी लांब गेली. मालकीणबाई वारल्या. मालक मात्र रोज सकाळी माझी काच पुसत. काम नव्हते, तरी पुसत.

एके दिवशी मालकांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि तोंड उजवीकडे उतरले. मुलगी नोकरी सोडून घरी आली. मित्रांनो, तिने सेवेत तसूभर कमी केले नाही. त्यांना आंघोळ घातली, भरवले, रोज हाताला व्यायाम दिला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकताना तुम्हाला ते आठवायला हवे.

त्या चार भिंतींत तिला माणसे हवीशी वाटू लागली. तिने फोनवर घराचे एक पेज सुरू केले. उन्हात वाळणारे पडदे, नीट लावलेली फडताळे, खिडकीतला कप. लोकांना ते आवडले. शेकड्यांचे हजार झाले. एक दिवस तिने मालकांचा फोटो टाकला, जसे होते तसे, उतरलेल्या तोंडाने हसणारे. फोन माझ्यावर ठेवून ती भात ढवळायला गेली, म्हणून आलेले उत्तर आधी मी पाहिले. 'ताई, आम्ही इथे प्रसन्न वाटावं म्हणून येतो. असं माणूस सकाळी सकाळी दाखवू नये.' त्याखाली आणखी तशीच पाच-सहा.

तिने ती वाचली. तासाभराच्या आत फोटो काढून टाकला. आणि मग माझ्यापाशी बसून, दोन बोटांनी तो चेहरा मोठा करून, एका बोटाने ओठाचा उतरलेला कोपरा वर सरकवला. ज्या कामाला मालकांना दुपार लागली असती, ते तिने चहा निवायच्या आत उरकले. दुरुस्त केलेला फोटो वर गेला. 'किती तेजस्वी दिसतात बाबा,' लोकांनी लिहिले. 'तुमच्या सेवेचं फळ.'

मालक शेजारी खुर्चीत होते. त्यांनी डावा हात पुढे करून फोन मागितला आणि बराच वेळ पाहिला.

"तों...ड," ते म्हणाले.

"थोडंसंच सरळ केलंय, बाबा."

त्यांनी माझ्याकडे, त्या कागदाकडे बोट दाखवले.

"हो, माहितेय. पण ते निगेटिव्हचं होतं. आता सगळेच करतात. कुणाचं काही बिघडत नाही त्यात."

मालकांनी फोन परत दिला. पुढच्या आठवड्यात तिने मला अंगणात नेले, काच काढली, आरसा काढून उजेडाच्या भिंतीवर टांगला, माझी पाठ सपाट केली आणि मला पांढरा रंग फासला. 'बाबांचं लाडकं टेबल, नव्या रूपात.' मालकांना कोणी विचारले नव्हते. ते डाव्या हाताने काच शोधत माझ्यावरून चाचपडत राहिले. हात गुळगुळीत फळीवरून फिरला, पुन्हा फिरला आणि मांडीवर परतला. नियमाचा कागद काचेबरोबर गेला होता.

मालकांना त्या दिवसांत एकच ध्यास होता : काकांनी एकदा येऊन जावे. येणाऱ्याला हाक मारता आली पाहिजे, म्हणून ते घुबड हा शब्द घोकत. ओठ मिटत नसत, त्यामुळे 'ब' निसटून जाई. "घु...अड. घु...अड." रोज दुपारी, खिडकीपाशी, परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे.

"कळ...वलं?" ते मुलीला विचारत.

"कळवलं, बाबा. ते डोळ्याचं ऑपरेशन झालं की येतो म्हणालेत."

कळवले होते, पण कसे? 'हलकासा झटका येऊन गेला, आता छान आहेत,' असे लिहून तिने सोबत तो सरळ तोंडाचा फोटो पाठवला होता. काकांच्या सुनेने त्यांच्या वतीने उत्तर लिहिले : 'रंगारी ठणठणीत दिसतोय. मग घाई नाही. मोतीबिंदू काढला की येतो.' मुलीने त्यावर बदामाचे चिन्ह टाकले.

एकदा काकांनी लिहवून घेतले, 'व्हिडिओवर बोलू या का?' ती दाराकडे पाहत थांबली. काकांची सून तिचे पेज पाहत असे, सुनेच्या मैत्रिणीही पाहत; व्हिडिओत वाकडे तोंड दिसले असते तर ते सगळ्यांना कळले असते. मग तिने लिहिले, 'बाबा आत्ताच झोपलेत. नंतर करू.' मालक समोर जागे होते. "घु...अड," म्हणत होते. फोन माझ्या अंगावर पालथा ठेवला गेला. तो मला इतका जड कधी वाटला नव्हता.

महिने गेले. पुढे मालकांनी विचारणेच सोडले. फक्त एकदा ते म्हणाले, "विस...रला." आणि गंमत पाहा, त्यानंतर चारच दिवसांनी त्यांचे ओठ मिटले. "घुबड," ते स्पष्ट म्हणाले. मुलगी धावत आली, पुन्हा म्हणायला लावून तिने फोनवर टिपून घेतले, त्यांना मिठी मारली. पण पेजवर ते टाकता येत नव्हते. त्यात तोंड वाकडे होते.

दुसरा झटका त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी आला.

मालक गेल्याचा निरोप मिळून काका त्याच दुपारी पोचले. मालकांना पुढच्या खोलीत ठेवले होते. काकांनी वाकून चेहरा पाहिला आणि तसेच वाकून राहिले. सगळे उरकल्यावर, माणसे पांगल्यावर, ते माझ्यापाशी येऊन बसले. मला त्यांनी ओळखले नाही.

"तोंड कधी वाकडं झालं?"

"पहिल्याच वेळी," मुलगी म्हणाली.

"म्हणजे सात महिने." त्यांनी आपला फोन काढला. "आणि हा फोटो?"

"त्यानंतरचाच. मी सरळ केला."

काका म्हणाले, "सून म्हणाली होती, ओठापाशी काहीतरी गुळगुळीत वाटतंय, नीट बघा. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, हा रंगाऱ्याच्या घरचा फोटो आहे. त्या घरात जन्मभराचं खोडत नाहीत. दुसऱ्या कुणाकडून आला असता ना, तर भिंग लावून बघितला असता."

"मी तुम्हाला फसवायला नव्हतं केलं, काका. ते बाकीच्यांसाठी होतं."

"बाकीचे रोज वेगळे असतात गं. मी एकच होतो." त्यांनी गालावरच्या चट्ट्यावरून हात फिरवला. "मी तिकडे चिडून बसलेलो. म्हटलं, बरा झाला आणि साधा फोन नाही. विसरला लेकाचा."

"ते पण तेच म्हणाले. तुमच्याबद्दल."

काकांनी विचारले, "मूळ फोटो आहे का?"

तिच्याकडे सगळे मूळ फोटो होते. एकही तिने पुसला नव्हता. तिने तो दाखवला, आणि मग ते टिपून ठेवलेलेही लावले. उतरलेल्या ओठांतून मालक म्हणाले, "घुबड." काकांनी ते पुन्हा लावायला सांगितले. आणखी एकदा सांगितले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आलो रे. उशीर झाला."

काका गेल्यानंतर काही दिवसांनी मुलीने मूळ फोटो छापून आणला, माझ्यावरचे रोप उचलून ठेवले आणि तिथे तो उभा केला. तिने तो पेजवर टाकला की नाही, मला ठाऊक नाही. हल्ली ती फोन माझ्यावर ठेवत नाही. एका दुपारी तिने जुन्या पेटीतली निगेटिव्ह खरवडायची सुरी काढली आणि माझ्या कडेचा पांढरा रंग हलक्या हाताने खरवडू लागली. खाली ठिपके निघाले, मालक पेन्सिलीचे टोक तपासत ते. शेकडो ठिपके. ती त्यांच्यावर बोट ठेवून संध्याकाळपर्यंत बसून होती.

मी तिला माफ केले का, हे मला विचारू नका. लाकडाला ते लवकर जमत नाही. ज्या मुलीने तो नियम माझ्याच पाठीवर वाचून अक्षरे गिरवली, तिने तो मोडला, याचे दुःख रंगाखाली जिथे होते तिथेच आहे. पण ती रोज थोडा थोडा रंग काढते, एवढे मी पाहतो.

मित्रांनो, आता तुमच्याही हातात तसाच फोन आहे. धूळ पुसा, केस नीट करा, आठ दिवसांत जाणारे खुशाल काढा. पण आपल्या माणसाचा चेहरा पाठवताना त्यावरचे जन्मभराचे काही खोडू नका. तो फोटो पाहून, घाई नाही असे समजून, कोणीतरी दूरवर निवांत बसलेले असेल. आणि इकडे खिडकीपाशी कोणीतरी त्याच्या नावाचे एकेक अक्षर जुळवत असेल.